मरळ आणि जिताडा: पहिल्यांदा गळ टाकणाऱ्यांसाठी सगळं पायरी पायरीने

रॉड घेऊन पाण्यावर बसायची हौस लागलेला प्रत्येक नवा माणूस कधी ना कधी विचारतोच, तलावातली मरळ धरू की खाडीतला जिताडा? दोघंही शिकारी, दोघंही दबा धरून बसणारे, दोघंही नकली आमिषावर तुटून पडतात, त्यामुळे लोकांना वाटतं की रॉड तोच, पद्धत तीच, फक्त पाणी खारट झालं. तसं होत नाही. मी देशावरचा, तलावांवर मरळीच्या मागे फिरत शिकलो आणि नंतर रायगडच्या खाड्यांवर जायला लागलो, त्यावरून एवढं नक्की सांगतो की मरळीसाठी जागा ओळखता यायला लागते आणि जिताड्यासाठी वेळ. मरळ त्या जलपर्णीखाली सकाळी सातलाही असते आणि अकरालाही असते. जिताडा ज्या उघाडीच्या (खाडीच्या बांधातली पाणी बाहेर सोडायची वाट) तोंडाशी सहाला उभा असतो तिथे नऊ वाजता नुसता चिखल असतो. बाकी सगळा फरक इथूनच सुरू होतो, सामानातला पण.

१. आधी दोघांची ओळख करून घ्या

मरळ म्हणजे आपल्याकडे मुख्यतः दोन जाती समजा. एक नेहमीची, अंगावर तिरके काळपट पट्टे असलेली, तळ्यात, कालव्यात, भातखाचरात सगळीकडे सापडते, आणि तेलंगणाचा तर तो राज्यमासा आहे. दुसरी मोठी, नद्या आणि धरणांमधली, तिच्या शेपटीच्या मुळाशी डोळ्यासारखा गोल ठिपका असतो आणि ती एक मीटरच्या वर जाते. दोघींचं डोकं सापासारखं चपटं, तोंडात खरे दात, आणि मुख्य म्हणजे दोघींना पाण्यावर येऊन हवा घ्यावी लागते. कल्ल्यांच्या वर हवा घ्यायची वेगळी सोय असते, म्हणून तळं आटलं तरी ओल्या चिखलात ती तग धरून राहते आणि पावसात एका खाचरातून दुसऱ्या खाचरात सरपटत जाते. हवेला वर येणं ही तिची मजबुरी आहे आणि आपला फायदा, ते पुढे सांगतो.

जिताडा म्हणजे गोव्यातला चोणक, बंगालची भेटकी, ऑस्ट्रेलियातला बारामुंडी. मासा एकच. तो खाऱ्या पाण्यातला म्हणतात पण खरं तर दोन्हीकडे फिरणारा आहे, वाढायला नदीत वर गोड्या पाण्यापर्यंत जातो आणि अंडी घालायला खाडीच्या मुखाशी खाऱ्या पाण्यात परत येतो. गंमत म्हणजे गळाने धरलेल्या बारामुंडीचा जागतिक विक्रम समुद्रातला नाहीच. २०१० साली ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या लेक मंडुरानमध्ये ४४.६४ किलोचा मासा धरला गेला, आणि ते गोड्या पाण्याचं धरण आहे, तिथे बाहेरून पिल्लं आणून सोडतात कारण खाऱ्या पाण्याशिवाय ह्यांची पैदास होत नाही.

अजून एक गोष्ट लक्षात ठेवायची, जिताडा आधी नर असतो आणि काही वर्षांनी मोठा झाला की मादी होतो. म्हणजे खाडीतले मोठमोठे जिताडे जवळजवळ सगळे माद्या. मोठा मासा मिळाला म्हणून मारून टाकणं म्हणजे अंडी घालणारी मादी मारणं, हे माहीत असून करायचं की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं. मी सोडतो.

२. परवानगी आणि कागद

हा भाग कंटाळवाणा आहे पण इथेच सगळ्यात जास्त भांडणं होतात. तलाव आणि धरणं बहुतेक ठिकाणी मत्स्यव्यवसाय विभागाने मच्छीमार सहकारी संस्थेला ठेक्याने दिलेली असतात. पाणी सरकारचं म्हणून मासे कुणाचेही, असं नसतं, त्या संस्थेने बीज सोडलेलं असतं आणि तुम्ही गुपचूप रॉड टाकला तर ते हटकणारच. आधी गावात जाऊन संस्थेच्या माणसाला भेटा, किती पैसे, किती मासे न्यायचे, कुठल्या बाजूला बसायचं हे विचारा आणि पावती घ्या. संस्थेचा पत्ता लागत नसेल तर जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय सहायक आयुक्तांच्या ऑफिसात विचारा. पिण्याच्या पाण्याची धरणं आणि अभयारण्यातलं पाणी ह्यांच्या वाट्याला जाऊच नका.

खाडीवर थोडं सैल असतं पण तिथेही गावकी असते. अलिबाग-पेण पट्ट्यात खारभूमीतल्या गावांमध्ये तळ्यांत जिताडा पाळतात, पावसात छोटी पिल्लं सोडायची आणि मोठी झाली की काढायची, अशी जुनी पद्धत आहे. ते तळं रस्त्याकडेला उघडं दिसलं तरी ते कुणाचं तरी आहे. रायगडात साहेबाकडून काम करून घ्यायचं तर घरी जिताडा पोचवावा लागतो अशी जुनी थट्टा आहे, त्यावरून त्या माशाची तिथे काय किंमत असेल ते समजून घ्या.

सोबत काय ठेवायचं:

- संस्थेची किंवा मालकाची पावती, निदान फोनवरचं बोलणं मेसेजमध्ये लिहून घेतलेलं
- आधार किंवा लायसन्स, पोलीस पाटील किंवा गस्तवाले विचारतात
- खाडीवर जाणार असाल तर त्या दिवसाचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक
- होडी घेणार असाल तर प्रत्येकाला लाईफ जॅकेट, होडीवाला 'काय गरज नाय' म्हणाला तरी

दरवर्षी साधारण १ जून ते ३१ जुलै महाराष्ट्रात यांत्रिक नौकांना मासेमारी बंदी असते, त्या काळात इंजिनाची बोट ठरवून जाऊ नका, कुणी स्वस्तात नेतो म्हणाला तरी. आणि तिवरं, म्हणजे कांदळवन, तोडणं गुन्हा आहे. लूर, म्हणजे नकली आमिष, अडकला म्हणून कोयत्याने फांदी तोडणारे लोक मी बघितलेत. दोनशे रुपयांच्या लूरसाठी असला उपद्व्याप कशाला.

३. सामान: एकाच सेटवर दोन्ही भागतं का?

भागतं, पण कुरकुरत. दोनपैकी एकच सेट घ्यायचा असेल तर ७ फुटी मीडियम हेवी रॉड आणि ४००० साईजचा स्पिनिंग रील घ्या, खाऱ्या पाण्याला चालेल असा. दुकानदार पहिल्यांदा येणाऱ्याला १० फुटी टेलिस्कोपिक रॉड हमखास चिकटवतात, 'सर लांब जाईल'. तो घेऊ नका. मरळ तुमच्या पायापासून १५ फुटांवर असते आणि जिताडा तिवरांच्या मुळांत, लांब टाकण्यापेक्षा नेमकं टाकता येणं महत्त्वाचं.

मरळीसाठी: ४० ते ५० पाउंड ताण सोसणारी ब्रेडेड (विणलेली) लाईन, थेट फ्रॉगला, म्हणजे रबरी बेडकाला, बांधायची, मधे काही नको. इतकी जाड कशाला असं वाटेल, पण मासा तीन किलोचा असला तरी त्याच्यासोबत पाच किलो गवत ओढून आणायचं असतं. ड्रॅग, म्हणजे मासा ओढतो तेव्हा लाईन किती सुटावी ते ठरवणारा रीलचा ब्रेक, जवळजवळ पूर्ण घट्ट.

जिताड्यासाठी: २० ते ३० पाउंडाची ब्रेडेड आणि पुढे हातभर, नाहीतर दोन हात, ४० ते ६० पाउंडाचा लीडर, म्हणजे घासणं सोसणारा जाड तुकडा. हा लीडर सोडायचा नाही. जिताड्याला मरळीसारखे सुळे नसतात पण त्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड ब्लेडसारखी असते आणि जबडा खरखरीत कानशीसारखा, ब्रेडेड लाईन त्यावर दोनदा घासली की संपली. वर खडकावर आणि खांबांवर कालवं (धारदार शिंपले) असतात ती वेगळीच. प्रत्येक मासा लागून गेल्यावर किंवा आल्यावर लीडरवरून बोट फिरवून बघा, खरखर लागली तर तेवढा तुकडा कापून परत बांधा. आळस करू नका.

बाकी लांब नाकाचं प्लायर, लिप ग्रिप (माशाचा जबडा धरायचा चिमटा), कात्री, जाळीचं लँडिंग नेट, टोपी, पोलराईज्ड गॉगल. गॉगल शोभेला नाही, पाण्यावरची चकाकी जाते आणि खालचं दिसतं, मरळीला तर तो रॉडइतकाच लागतो. गाठी दोनच शिका, ब्रेडला लूर बांधायला पालोमार आणि ब्रेडला लीडर जोडायला युनी टू युनी. लीडर जोडायची एफजी गाठ चांगली आहे पण वाऱ्यात, अंधारात, डासांत ती बसत नाही, नंतर शिका.

४. मरळ: जागा वाचायला शिका

जलपर्णी, कमळाची पानं, पाणकणीस, कडेची बेशरमाची झुडपं, पाण्यात पडलेलं झाड, ह्यातलं काहीही जिथे संपतं आणि मोकळं पाणी सुरू होतं ती कड म्हणजे मरळीची जागा. पाणी एक-दोन फूटच असलं तरी चालतं. विदर्भातले भंडारा-गोंदियाकडचे मालगुजारी तलाव ह्यासाठी फार सुंदर आहेत, उथळ, कमळाने भरलेले. आमच्याकडचे पाझर तलाव आणि कालव्याच्या कडेची डबकी पण वाईट नाहीत.

पोचल्या पोचल्या रॉड काढू नका. कडेपासून चार पावलं मागे उभं राहून नुसतं बघत बसा. मरळ हवा घ्यायला वर येते तेव्हा पाण्यावर 'चुप्' असा आवाज होतो, एक छोटं वर्तुळ उठतं आणि मागोमाग बुडबुड्यांची ओळ खाली जाते. चिलापी वर आली तर नुसतं वर्तुळ दिसतं, बुडबुडे असे सरळ जात नाहीत. तीच मरळ थोड्या वेळाने साधारण त्याच जागी परत वर येते. दोनदा एकाच ठिकाणी दिसली की तिचं घर कळलं. चालताना पाय आपटू नका, काठावरची माती हादरली की ती सरकते, आणि सावली पाण्यावर पडेल असं उभं राहू नका.

हंगाम म्हणाल तर मार्च ते मे उत्तम, पाणी कमी, मासे एकवटलेले, ऊन तापलं की गवताच्या सावलीत गच्च बसलेल्या. पावसात पिल्लं काढतात. तेव्हा पाण्यावर तांबूस-केशरी रंगाचा पिल्लांचा गोळा हलताना दिसेल, एकदम शेकडो, आणि पाऊस पडल्यासारखं तेवढंच पाणी थरथरत असतं. त्याखाली आई-बाप दोघं राखणीला असतात आणि त्या गोळ्यात काहीही पडलं तरी भूक असो नसो हल्ला करतात. म्हणून तिथे फ्रॉग टाकला की मासा शंभर टक्के लागतो, आणि म्हणूनच टाकायचा नाही. पालक उचलले की बाकीचे मासे ती पिल्लं फस्त करतात. फोटोवर भाव खायला हा सगळ्यात सोपा मार्ग आहे आणि जुने लोक अशा फोटोला लाईक देत नाहीत. वलगणीच्या वेळी, म्हणजे पहिल्या मोठ्या पावसात मासे ओढ्यातून वर चढतात तेव्हाही तेच, तो त्यांचा अंडी घालायला जायचा रस्ता आहे.

५. फ्रॉग कसा चालवायचा

मरळीसाठी नवशिक्याने एकच लूर घ्यावा, पोकळ रबरी बेडूक, ज्याला सगळे फ्रॉग म्हणतात. त्याचे दोन हुक पाठीला चिकटलेले असतात त्यामुळे गवतावरून सुळकन जातो, अडकत नाही. विकत घेताना बोटात धरून दाबून बघा, सहज चेपला पाहिजे आणि हुक बाहेर आले पाहिजेत. कडक असला तर मासा चावेल आणि हुक बसणारच नाही, स्वस्तातल्या फ्रॉगना हीच बोंब असते. पक्कडीने दोन्ही हुक किंचित, अगदी केसभर, बाहेर वाकवा. रबरी पाय लांब असतील तर अर्धे कापा. आणि त्यात पाणी शिरतं, म्हणून चार-पाच कास्टनंतर, म्हणजे चार-पाचदा टाकून झाल्यावर, दाबून पिळून काढा नाहीतर तो पाण्यात बुडून चालायला लागतो.

टाकताना जिथे मासा आहे त्याच्या डोक्यावर टाकू नका, त्याच्या पलीकडे दोन-तीन फूट गवतावर टाका, हळूच ओढत कडेला आणा, मोकळ्या पाण्यात टपकन पडू द्या आणि मग थांबा. थांबायचं म्हणजे खरंच थांबायचं, पाण्यावरचं वर्तुळ विरेपर्यंत. मग दोन छोटे झटके, परत थांबा. नव्वद टक्के लोक इथे घाई करतात आणि फ्रॉग मोटरबोटीसारखा पळवतात.

मरळ मारते तेव्हा पाणी फाटल्यासारखा आवाज होतो आणि तुमचा हात आपोआप वर जातो. तो आवरायचा. आवाज ऐकून झटका मारला तर फ्रॉग उडून तुमच्याच तोंडावर येईल. रॉडचं टोक खाली, लाईन सरकायला लागली, वजन हाताला जाणवलं, की मग दोन्ही हातांनी जोरात. आणि लागली की विचार न करता ओढत आणायची, तिला खाली मुंडी घालायला दिली की ती गवतात लाईनला गुंडाळी मारून बसते आणि मग तुम्ही अख्खं तळं ओढत बसा.

जिवंत बेडूक गळाला लावायची जुनी पद्धत अजून चालते. नका लावू, बेडकांच्या काही जाती वन्यजीव कायद्यात संरक्षित आहेत आणि रबरी बेडूक तेवढाच चालतो.

६. जिताडा: आधी घड्याळ, मग गळ

देशावरून जाणाऱ्या माणसाला इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो कारण तलावाचं पाणी जागेवर असतं आणि खाडीचं दिवसातून चारदा दिशा बदलतं. जिताडा स्वतः फारसा फिरत नाही, तो वाहत्या पाण्यात एखाद्या आडोशाच्या मागे प्रवाहाकडे तोंड करून उभा राहतो आणि पाणी त्याच्याकडे कोळंबी, बोई, निवट्या घेऊन येतं. पाणी थांबलं की त्याचं जेवण थांबलं. त्यामुळे पाणी कधी वाहतंय हे कळलं की अर्धं काम झालं.

अ‍ॅप आहेतच, पण कोकणातला जुना हिशोब पाठ करून ठेवा, रेंज नसते तेव्हा कामाला येतो. तिथीला पाऊणने गुणा, पूर्ण भरतीची वेळ येते. पंचमीला पाच गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचार. अष्टमीला सहा. पौर्णिमेनंतर प्रतिपदेपासून परत एक धरायचं. दुसरी भरती साधारण साडेबारा तासांनी, आणि भरतीनंतर सव्वासहा तासांच्या आसपास ओहोटी. रोज वेळ पाऊण तासाने, थोडी जास्तच, पुढे जाते. हा हिशोब मुंबई-रायगडला बऱ्यापैकी बसतो, खाली सिंधुदुर्ग-गोव्याकडे भरती थोडी आधी येते.

इथे एक सापळा आहे. अ‍ॅपमध्ये मुंबई निवडलं की ते अपोलो बंदराची वेळ दाखवतं. तुम्ही धरमतर खाडीत आत पेणकडे बसला असाल तर पाणी तिथपर्यंत पोचायला वेळ लागतो, रेवसला भरती झाली तरी तुमच्याकडे अजून चढतच असतं. पहिल्या खेपेला नुसती एक काठी कडेला रोवा, पाण्याच्या रेषेवर खूण करा आणि किती वाजता पाणी फिरलं ते वहीत लिहा. तो फरक त्या जागेचा कायमचा, पुढच्या वेळी अ‍ॅपच्या वेळेत तेवढं मिळवलं की झालं.

उधाण आणि भांग. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, पाणी प्रचंड चढतं-उतरतं, मुंबईकडे तर चार-साडेचार मीटरच्या वर, पण पाणी इतकं गढूळ होतं आणि इतक्या जोरात ओढतं की लूर जागेवर राहत नाही. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी मरगळलेलं. माझ्या मते नवशिक्याने ह्या दोन्हींच्या मधले दिवस घ्यावेत, म्हणजे चतुर्थी-पंचमी किंवा एकादशी-द्वादशी, पाणी हलतंही आणि थोडं नितळही असतं. आणि त्यातही उतरत्या पाण्याचे शेवटचे दोन तास आणि चढत्याचा पहिला तास. हे जुळून सकाळी उजाडताना किंवा तिन्हीसांजेला आलं तर रजा टाका.

हंगाम एप्रिल-मे आणि मग पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबर. कडाक्याच्या थंडीत जिताडा सुस्तावतो.

७. जिताड्याच्या जागा आणि आमिष

खाडीत पहिल्यांदा बघितलं की सगळं सारखंच दिसतं, तिवर, चिखल, तिवर. ह्यात शोधायचं काय:

खारबंदिस्तीची उघाडी, गोव्यात जिला मानस म्हणतात. ओहोटीला आतल्या शेतातलं पाणी तिथून बाहेर पडतं आणि त्याबरोबर आतली सगळी बारीक कोळंबी आणि पिल्लं. त्या धारेच्या बाजूला, जिथे फेस गोल फिरत राहतो तिथे, जिताडा. फक्त उघाडीवर कुणाचं जाळं लावलेलं असेल तर तिथे टाकू नका, त्याचं पोट त्यावर आहे.

दुसरी जागा म्हणजे छोटा नाळा मोठ्या खाडीला मिळतो ते तोंड, ओहोटीला. तिसरी, पुलाचे आणि जुन्या जेट्टीचे खांब, पण तिथे कालवं, तेव्हा लीडर जाड. कुंडलिकेच्या मुखाशी रेवदंडा, बाणकोट, दाभोळ, खाली कर्लीची खाडी, तेरेखोल, गोव्यात मांडवी-झुआरी, सगळीकडे असेच तुकडे शोधायचे.

कान उघडे ठेवा. जिताडा भक्ष्य चावत नाही, तोंड उघडून पाण्यासकट ओढून घेतो, आणि त्याचा 'ढप्प' असा पोकळ आवाज येतो, रिकाम्या डब्यावर तळहात मारल्यासारखा. एकदा ऐकलात की परत चुकणार नाही. आवाज झाला त्याच्या थोडं वरच्या प्रवाहात टाका आणि पाण्याला लूर न्यायला द्या.

आमिष म्हणून जिवंत कोळंबी किंवा बोटभर लांबीची बोई सर्वात खात्रीची, गरवणारे जुने लोक तेच वापरतात. बोईला नाकातून किंवा पाठीच्या काट्याच्या वरून गळ, म्हणजे पोहत राहते. लूर वापरायचा तर जिगहेडवर (वजनदार डोक्याचा गळ) ४ इंची सॉफ्ट शॅड (मऊ रबरी मासा), १० ते १५ ग्रॅम, आणि एक बुडणारा मिनो (कडक नकली मासा), पुरे. लूर घेताना हुक बघा, गोड्या पाण्याच्या मिनोचे हुक जिताडा सरळ करून टाकतो, बदलून जाडे लावा. पंधरा रंग घेऊ नका. गढूळ पाण्यात एक पांढरा, एक गडद.

८. लागल्यावर

मरळीचं सांगितलं, ओढायचं. जिताड्याचं उलटं आहे. त्याला ओढलं की तुटतं. तो आधी मुळांकडे एक जबरदस्त धाव घेतो, ती पहिली धाव अडवायची, पण ड्रॅगवर, लाईन बंद करून नाही. मग तो पाण्याबाहेर उडी मारतो, कल्ले उघडून डोकं गदागदा हलवतो आणि ह्याच क्षणी सर्वात जास्त मासे सुटतात. त्याचं तोंड हाडकं, हुक पक्का रुतलेला नसतो. उडी मारतोय असं लाईन वर यायला लागल्यावर कळतं, तेव्हा रॉडचं टोक खाली पाण्याकडे न्या, लाईन ताणलेली पण फार नाही. जवळ आला, कुशीवर झाला, आता संपलं असं वाटतं तेव्हा अजून एक धाव शिल्लक असते. नेट आधी पाण्यात बुडवून ठेवा आणि मासा डोक्याकडून नेटवर आणा, नेट घेऊन माशाच्या मागे धावू नका.

९. हातात घेणं आणि सोडणं

मरळ पाण्याबाहेर बराच वेळ जगते म्हणून लोक तिला गवतावर टाकून फोटोसेशन करतात. जगते हे खरं, पण अंगावरचा बुळबुळीत थर निघाला की नंतर बुरशी धरते. हात ओले करून धरा. तोंडात बोट घालू नका, दात आहेत, प्लायरने हुक काढा.

जिताड्याला ओल्या हाताने खालच्या जबड्याला धरता येतं, पण कल्ल्यात बोटं घालायची नाहीत, कडेने कापतं आणि खोल कापतं. पाठीवरचे काटेही उभे राहतात. मोठा असेल तर जबड्याला धरून लोंबकळवू नका, दुसरा हात पोटाखाली. सोडताना तोंड प्रवाहाकडे करून पाण्यात आडवा धरून ठेवा, तो स्वतः झटका देऊन निघेपर्यंत. मरळीला एवढं लागत नाही, ठेवली की गेली.

परदेशातल्या मंडळींसाठी एक आडवा मुद्दा. अमेरिकेत मरळीच्या कुळातले मासे २००२ पासून घातक परकी मासे म्हणून जिवंत आणायला बंदी आहे. मेरीलँड-व्हर्जिनियाकडे पोटोमॅक नदीत त्यांची एक भावंडजात पसरली आहे, तिथे धरलीत तर जिवंत सोबत नेऊ नका. फ्लोरिडात तर आपल्या त्या ठिपक्याच्या मोठ्या मरळीची अगदी जवळची भावंडजात पोचली आहे.

१०. जिवाला जपा

तलावावर घोणस. कडेच्या गवतात बूट घालूनच जा. सांगलीकडे कृष्णेत, चिपळूणला वाशिष्ठीत आणि गोव्यात कुंभारजुवे कालव्यात मगरी आहेत, तिथे पाण्यात उतरून कास्ट करणं हा शहाणपणा नव्हे.

खाडीत चिखल. कडक दिसतो आणि मांडीपर्यंत पाय जातो. गावातल्या माणसाने जिथून वाट सांगितली तिथूनच जा, चप्पल नको, घट्ट बांधलेले जुने बूट. पाण्यात चालताना पाय उचलून टाकू नका, घासत न्या, खाली पाकट असेल तर सरकून जाईल, पाय पडला तर शेपटीचा काटा बसेल. गळाला शिंगाळा आला तर हाताने सोडवायला जाऊ नका, त्याचा काटा दोन दिवस ठणकतो. काटा लागलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात तो भाग बुडवून ठेवा आणि डॉक्टरकडे जा.

आणि भरतीला पाठ करून बसू नका. ओहोटीला चालत गेलेली वाळूची पट्टी चढत्या पाण्यात मागच्या बाजूने आधी भरते. परतायची वेळ आधी ठरवा, मासा लागत असला तरी निघा.

११. घरी आल्यावर

तलावाहून आलात तर रॉड पुसला की झालं, फ्रॉगमधलं पाणी काढून वाळवा नाहीतर हुक आतून गंजतात. खाडीहून आलात तर त्याच रात्री, दमलात तरी. रीलचा ड्रॅग घट्ट करा म्हणजे पाणी आत शिरणार नाही, मग गोड्या पाण्याची बारीक धार वरून सोडा, जोराचा फवारा नको, त्याने मीठ उलट आत ढकललं जातं, आणि रील बादलीत बुडवायचा तर अजिबात नाही. रॉडच्या रिंगा, रीलची सीट, प्लायर, सगळं धुवा. लूर कोमट गोड्या पाण्यात अर्धा तास ठेवून फडक्यावर पसरा, वापरलेला लूर न धुता बाकीच्यांसोबत डब्यात टाकला की आठवड्यात सगळ्या डब्याला गंज चढतो. रील वाळला की हँडलच्या सांध्याला आणि लाईन रोलरला तेलाचा एकेक थेंब, आणि ड्रॅग परत पूर्ण सैल करून ठेवा.